वाचक विचारतात : गुलाम आफ्रिकेतूनच का नेले?

प्रश्न : युरोपीय लोकांनी अमेरिका जिंकली तेव्हा तिथे आदिवासी होतेच ना, मग त्यांना सोडून इतक्या लांबून आफ्रिकेची माणसं कायले आणली? आमच्या ग्रुपवर एकजण म्हणते की आफ्रिकी लोक काटक म्हणून. आणि इंग्रजांनी नागपुरात तर असं काही केलं नाही.
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : काटकपणाचं सोडा हो, ते मळेवाल्यांच्या सोयीचं बोलणं. आणि आधी राबवलं ते आदिवासींनाच. कोलंबस १४९२ ला पोचला, मग कॅरिबियनमधल्या हिस्पानिओला बेटावर स्पॅनिश लोकांना तिथल्या ताइनो आदिवासींची गावंच्या गावं वाटून दिली, यांच्याकडून सोनं काढून घ्या, शेती करून घ्या म्हणून. उपासमार, मारझोड, पळापळ, १५१४ च्या मोजणीत साधारण २६ हजारच ताइनो उरले होते आणि त्यावर १५१८ ला देवीची साथ. आपल्याकडे देवी पिढ्यानपिढ्या होती, त्यांनी हा रोग कधी पाहिलाच नव्हता. नागपूरचा फरक इथेच आहे, १८५४ ला भोसल्यांचं राज्य खालसा झालं तेव्हा रयत जागेवर होती, शेती कसत होती, इंग्रजाला फक्त सारा वसूल करायचा होता.

तिकडे जमीन भरपूर, माणसं संपलेली. लास कासास हा पाद्री आदिवासींसाठी स्पेनच्या राजाशी भांडला, पण त्यांच्याऐवजी आफ्रिकेतून गुलाम आणा हेही त्यानेच सुचवलं, नंतर पस्तावला. १५४२ ला कायद्याने आदिवासींना गुलाम करायला बंदी आली, आफ्रिकी लोकांना ती लागू नव्हती. (बंदी असूनही दक्षिण अमेरिकेतल्या पोटोसीच्या चांदीच्या खाणीत आदिवासींना पाळीपाळीने जबरदस्तीने उतरवतच होते.)

खरी भूक साखरेची. गुऱ्हाळ पाहिलं असेल तर कळेल, तोडलेला ऊस पडून राहिला की रस आंबतो, म्हणून हंगामात चरक रात्रंदिवस चालायचा आणि झोपेने पेंगलेल्या माणसाचा हात रुळात जायचा. हात तोडून जीव वाचवायला चरकाशेजारी कुऱ्हाडच ठेवलेली असायची, म्हणजे हे होणार हे धरूनच चाललेलं. कॅरिबियन मळ्यांवर जन्मापेक्षा मरण जास्त, तरी मालकाला नवा माणूस विकत घेणं परवडायचं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिथलेच राजे आणि दलाल कैदी विकायचे, बदल्यात कापड, बंदुका, दारू, आणि त्या कापडात आपल्या हिंदुस्थानातलं सुती कापडही भरपूर. साधारण सव्वा कोटी माणसं जहाजात कोंडली, त्यातली १८ लाखांच्या आसपास वाटेतच गेली. ब्राझीलला जवळपास ४८ लाख उतरले, आजच्या अमेरिकेत थेट चार लाखांहून कमी, सिनेमे मात्र सगळे तिथलेच.

इंग्रजांनी १८३३ ला गुलामी बंद करायचा कायदा केला तेव्हा २ कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना, गुलामांना दमडी नाही. मग मळ्यांवर कोण? २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ हिंदुस्थानी मजूर मॉरिशसला उतरले, पाच वर्षांच्या करारावर. ते होते छोटा नागपूरचे आदिवासी, आपल्या नागपूरचे नव्हेत, झारखंडकडचे.