बँकेचा वकील आहे ना, मग आपला वेगळा कशाला?

पहिलं घर घेणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती घराबद्दल बोलायला नाही, झोप लागत नाही म्हणून येतात, नाहीतर घरात भांडणं वाढली म्हणून. डिचोलीचं एक जोडपं असंच आलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). म्हापशात टू बीएचके, रिसेल, विकणारे नवऱ्याच्या ओळखीचे, तो त्यांना काका म्हणायचा. काका म्हणाले पाच लाख टोकन द्या, साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवू, बाकीचे लोन झाल्यावर. बायकोचं म्हणणं, आधी कागद वकिलाला दाखवूया. आणि तो म्हणे, "मॅडम, लोन घेतोय म्हणजे बँकेचा वकील सगळं बघणारच ना, वर आणखी आपला लावला तर काकांना काय वाटेल?"

हा प्रश्न मला खूप जण विचारतात. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो हो, उद्या हप्ते थकले तर फ्लॅट विकून पैसे वसूल होतील की नाही एवढंच. पार्किंग नक्की कोणाचं, सोसायटीची थकबाकी कोण भरणार, व्यवहार मोडला तर टोकन परत मिळणार का, हे तुमच्या बाजूने कोण बघणार? बिल्डरने सुचवलेला वकील तर घेऊच नका.

पण त्याची अडचण ही नव्हतीच. मी विचारलं, काकांशी नेमकं काय बोलायची भीती वाटते? बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आमच्यात मोठ्यांकडे कागद मागत नाहीत." ते खरंच होतं, मला त्याचा राग नाही आला. मग आम्ही एकच वाक्य तयार केलं, "काका, सगळी कमाई ह्या घरात घालतोय, कागद एकदा आमच्या वकिलांना दाखवतो आणि मगच टोकन देतो." तीन-चारदा मोठ्याने म्हणून घेतलं, पहिल्यांदा आवाज फुटत नव्हता त्याचा.

काकांनी कागद दिले, जराही न रागावता. आणि वकिलांनी बघितलं तर फ्लॅट काकांच्या वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, आई त्यांच्या आधीच गेलेली, सक्सेशन डीड (वारस कोण कोण ते नोंदवणारा दस्त) झालेलंच नाही, आणि एक बहीण मस्कतला. आपल्या गोव्यात 1867 चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, वारसाहक्काचा भाग आता 2012 च्या कायद्यात आलाय, पण मूळ गोष्ट तीच, मुलीचाही वाटा असतो आणि लग्नानंतर मालमत्ता बहुतेक वेळा दोघांची सामाईक, म्हणजे काकांबरोबर काकीची सही, बहिणीची सही, आणि तिच्या नवऱ्याचीसुद्धा. काकांच्या मनात पाप नव्हतं, आईवडिलांना आपण सांभाळलं म्हणजे घर आपलंच असं त्यांना मनापासून वाटत होतं. बँकेच्या वकिलानेही हे पकडलं असतं कदाचित, पण तोपर्यंत पाच लाख काकांकडे गेलेले असते आणि मागायचे कसे म्हणून हा पुन्हा गप्प.

गोव्यात बनावट जुन्या कागदांवर जमिनी हडपल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की 2022 मधे सरकारला एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक नेमावं लागलं, त्यामुळे प्लॉट घेणाऱ्यांना तर मी आणखी कळकळीने सांगते, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काची नोंद), झोन, सनद (शेतजमीन बिगरशेती केल्याची परवानगी), जागेत कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) आहे का, सगळं आपल्या वकिलाकडून बघून घ्या. नवीन प्रोजेक्टला रेरा (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) लागू असेल तर रजिस्टर्ड ॲग्रीमेंटशिवाय बिल्डर 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. फी किती आणि त्यात काय काय, हे वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

हे दोघं पाच महिने थांबले. चवथीला बहीण आणि तिचा नवरा मस्कतहून आले, तेव्हाच सब-रजिस्ट्रारकडे सक्सेशन डीड झालं, मग रजिस्टर्ड ॲग्रीमेंट, आणि टोकन त्या दिवशी चेकने. बायकोने मला फोन केला तो काकांच्याच घरून, नेवऱ्या खाता खाता.