मंगळवार, संध्याकाळी सहा ते आठ

‘वैद्यकीय व्यवसायात राहून एखादी कला जोपासायची, तर तिच्यासाठी लागणारा वेळ शेवटी रुग्णांच्याच वाट्यातून काढावा लागतो. मग हे योग्य आहे का?’ समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे डॉक्टर हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. त्यांत कोणी जलरंगांत रमणारे अस्थिरोगतज्ज्ञ असतात, तर कोणी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीला रात्री दहानंतर धापा टाकीत पोहोचणारे बालरोगतज्ज्ञ. विचारण्याची रीत मात्र बहुतेकांची सारखीच असते. आधी स्वतःवर आरोप ठेवायचा आणि मग माझ्याकडून निकाल ऐकण्यासाठी थांबायचे. या प्रश्नाकडे पाहण्याची माझी पद्धत ज्या एका अनुभवाने बदलली, तो त्या डॉक्टरांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडते आहे. त्यात माझीही एक चूक आहे.

डॉक्टर मेधा (हे नाव अर्थातच खरे नाही) मिरजेत भूलतज्ज्ञ आहेत. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचे वय 43 होते. त्या कोणत्याही एका रुग्णालयाच्या नोकरीत नाहीत. लहान शहरांतील बहुतेक भूलतज्ज्ञांप्रमाणे चार-पाच रुग्णालयांतून बोलावणे येईल तसे जायचे, सकाळी ठरलेल्या शस्त्रक्रियांची लिस्ट आणि रात्री-अपरात्री येणारी सिझेरियन, असा त्यांचा दिनक्रम होता. बारावीपर्यंत त्या किराणा घराण्याच्या एका गुरुजींकडे गाणे शिकल्या होत्या. गाण्याची ‘मध्यमा’ परीक्षा पूर्ण झाली, वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि गाणे थांबले. ते कोणी थांबवले नव्हते. ‘एवढी परीक्षा होऊ दे’ असे म्हणता म्हणता चोवीस वर्षे गेली. गुरुजीही गेले. चाळिसावा वाढदिवस झाल्यावर त्यांनी सतारमेकर गल्लीतून एक तंबोरा आणला आणि तो कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मिरज हे गाव ठाऊक नसलेल्यांसाठी थोडे विषयांतर करते, कारण मेधाताईंच्या दुखण्यात त्या गावाचाही वाटा आहे. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली येथे रुग्णालय उभारले आणि तेव्हापासून कर्नाटकाच्या सीमेपर्यंतचे रुग्ण मिरजेची वाट धरतात. त्याच गावात पिढ्यानपिढ्या भोपळे कोरून सतारी आणि तंबोरे घडवले जातात, आणि 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब येथेच स्थायिक झाले, गायिका हिराबाई बडोदेकरांचा जन्म येथलाच. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झालेल्या विष्णू दिगंबर पलुस्करांना उपचारासाठी मिरजेला आणले होते, आणि या मुलाला गाणे शिकवा, असा सल्ला त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच दिला, असे सांगतात. मेधाताईंना हे सगळे तोंडपाठ होते. ‘‘या गावात दवाखाना आणि तंबोरा कायमचे शेजारी आहेत, मॅडम,’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझ्या एकटीच्या घरात तेवढे त्यांचे पटत नाही.’’

न पटण्याला एक प्रसंग कारणीभूत होता. एका संध्याकाळी फोन आवाज बंद करून त्या रियाजाला बसल्या असताना एका रुग्णालयातून तीन वेळा फोन आला. सिझेरियन तातडीचे होते. चौथा फोन दुसऱ्या भूलतज्ज्ञांना गेला, ते दहा मिनिटांत पोहोचले, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियागृहात शिरताच तेथील सर्जन सर्वांसमोर म्हणाले, ‘‘काय मॅडम, संपलं का गाणं?’’ सगळे हसले, त्याही हसल्या. त्यानंतर पाच महिने त्यांना मनासारखा षड्ज, म्हणजे साधा ‘सा’, लावता आला नव्हता. फोन समोर ठेवून बसत, आणि कोणाचाही फोन आलेला नसताना दर दोन मिनिटांनी त्याच्याकडे पाहत. घरी पती म्हणत, ‘‘वेळ उरतोच आहे तर आणखी एक लिस्ट घे.’’ सासूबाई काही बोलत नसत. त्या रियाजाच्या वेळी नेमका मिक्सर लावत.

यावर मी जे केले, ते त्या वेळी मला अगदी शास्त्रशुद्ध वाटले होते. कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या अशा थकव्याची (बर्नआउटची) जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात स्वतंत्र नोंद घेतली आहे. तेथे तो आजार म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून नोंदलेला आहे. मी त्यांना हे समजावले आणि सांगितले, की गाणे ही तुमच्यासाठी चैन नाही, गरज आहे. रोज वीस मिनिटे गा, वहीत नोंद ठेवा, ताण किती कमी झाला त्याला दहापैकी गुण द्या. डॉक्टर मंडळींना हे फार आवडते. त्यांना मोजमाप दिले की अपराधीपणा थोडा वेळ गप्प बसतो.

तीन आठवड्यांनी त्या वही घेऊन आल्या. सर्व नोंदी व्यवस्थित होत्या, गुण मात्र घसरत गेले होते. ‘‘तुम्हीसुद्धा मला गाणं औषधासारखंच दिलंत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘डोस सांगितलात. आता बीपीच्या गोळीसारखं ते घ्यायचं राहिलं की वाईट वाटतं आणि घेतलं तरी कडू लागतं.’’

त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. मग विषय बदलावा म्हणून की काय, त्यांनी एक गोष्ट सांगितली. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या बोटाला लावलेले यंत्र प्रत्येक ठोक्याला टिक्‌ असा आवाज करते आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घसरू लागले, की त्या आवाजाचा स्वर खाली उतरत जातो. पडद्याकडे पाठ असली तरी त्यांना तो अर्धा स्वर उतरलेला आधी कळतो. पतींनी हेच कारण काढून अलीकडे नातेवाइकांना सांगायला सुरुवात केली होती, की मेधाच्या गाण्याचा तिच्या कामाला उपयोगच होतो. ‘‘चांगलंच आहे की,’’ मी म्हणाले. ‘‘चांगलं कसलं? ज्यांना सा आणि रे मधला फरक कळत नाही, अशा माझ्या सहकाऱ्यांनाही तो आवाज वेळेवर ऐकू येतो. नाहीतर रुग्ण वाचले नसते. मला गाणं त्याच्यासाठी नको आहे हो.’’

या वाक्यावर आमचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले. पती, मी आणि त्या स्वतः, असे तिघेही गाण्यासाठी कोणता तरी दाखला मिळवण्याच्या मागे होतो. कुटुंबासाठी तो उपयुक्ततेचा, माझ्यासाठी मानसिक आरोग्याचा. ज्या गोष्टीला असा दाखला लागतो, ती आपण चोरून करतो आहोत ही भावना दाखल्याने जात नाही. उलट पक्की होते. कला जोपासणाऱ्या डॉक्टरांना आपण सर्वजण, कौतुक करतानासुद्धा, हेच करत असतो. संवेदनशीलता वाढते, हात स्थिर राहतो, रुग्णांशी बोलणे सुधारते, अशी कारणे पुढे करतो. होतही असेल तसे. पण रविवारी क्रिकेट पाहणाऱ्या डॉक्टरला आपण तसे काही विचारत नाही.

मग फोनचा विचार केला. मी त्यांना पंधरा दिवस संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात आलेल्या प्रत्येक फोनची नोंद ठेवायला सांगितली. ही वही मात्र कामी आली. एकंदर 38 फोन आले होते. त्यांतील निम्म्याहून अधिक दुसऱ्या दिवशीच्या वेळा ठरवण्यासंबंधीचे, काही तपासण्यांचे अहवाल कळवणारे, एक चुकून लागलेला. ताबडतोब निघावे लागले असे चार. गुंता त्या चारांमुळे होता, कारण ते केव्हा येतील हे कोणालाच ठाऊक नसते, आणि म्हणून उरलेल्या चौतीस फोनांनीही त्या चारांचा रुबाब मिळवला होता. गाण्यामुळे रुग्णसेवेत बाधा येत नव्हती. त्या कधीच पूर्णपणे सुटीवर नसत, म्हणून गाणे नेहमी कामाच्या वेळातच पडत होते. रियाजाला बसताना आवाज बंद केलेला फोन हा खरोखरीच बेजबाबदारपणा होता, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितले. आपण उपलब्ध आहोत असे रुग्णालयांना वाटत राहील आणि आपण उपलब्ध नसू, ही स्थिती धोक्याची आहे. ‘मी या वेळात नाही, अमुक डॉक्टर आहेत’ असे आधी कळवलेले असेल, तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येतो.

हे लिहायला सोपे आहे. बदलीची व्यवस्था लावायला त्यांना दोन महिने लागले. एका सहकाऱ्यांनी तोंडावर नकार दिला. दुसरे तयार झाले, पण कारण विचारले, आणि मेधाताईंनी घाबरून ‘कौटुंबिक अडचण’ असे सांगितले. पुढच्या भेटीत आम्ही केवळ त्या दोन शब्दांवर बोललो. अखेर मेधाताईंनी त्या सहकाऱ्यांना पुन्हा फोन करून ‘‘गाण्याचा क्लास आहे’’ असे सांगितले. मंगळवारी आणि शुक्रवारी सहा ते आठ हे सहकारी सांभाळणार, त्याबदल्यात महिन्यातले दोन रविवार मेधाताई सांभाळणार, असे ठरले. पाचही रुग्णालयांत तसा निरोप गेला. उत्पन्न थोडे घटले, हेही नमूद करायला हवे.

मधल्या काळात, वाईट गेलेल्या एका आठवड्यानंतर, त्यांनी तो दुसरा प्रश्नही विचारला, जो या विषयात हमखास येतो. ‘‘डॉक्टर लागूंनी सोडलीच ना प्रॅक्टिस?’’ सोडली, हे खरे. श्रीराम लागूंनी 1969 साली नाक-कान-घशाच्या शस्त्रक्रिया थांबवून रंगभूमीला पूर्ण वेळ दिला. परंतु पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या उभारणीत ते 1951 पासून होते; मधली अठरा वर्षे वैद्यक आणि नाटक दोन्ही चालले होते. त्याच संस्थेने 1972 साली रंगमंचावर आणलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ होते, आणि त्यातले नाना फडणवीस साकारणाऱ्या मोहन आगाशे यांनी नाटक-सिनेमा करतानाच पुढे मनोविकारशास्त्र शिकवले. उदाहरणे दोन्ही बाजूंची मिळतात, त्यामुळे त्यांच्यावरून आपला निर्णय होत नाही. मी मेधाताईंना एवढेच विचारले, की सोडण्याचा विचार कोणत्या दिवशी येतो? त्यांनी जरा आठवून सांगितले, की ज्या दिवशी सलग दोन रात्री झोप झालेली नसते, त्या दिवशी. तो विषय आम्ही तेथेच ठेवला.

एक दुःख राहिले होते, आणि ते बदलीच्या व्यवस्थेने सुटणारे नव्हते. नव्या गुरू त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. शस्त्रक्रियागृहात ज्यांच्या शब्दाशिवाय चाकू टेकत नाही, त्या मेधाताईंना पहिले सहा आठवडे केवळ मंद्र सप्तकात खर्जाचा रियाज सांगण्यात आला. ‘‘ताई, घाई करू नका, आवाज अजून गंजलेला आहे,’’ असे त्या मुलीने सांगितल्यावर त्या घरी येऊन रडल्या. अठराव्या वर्षीचा तो गळा आता परत येणार नव्हता. मी सांत्वन केले नाही, कारण जे खरेच गेले होते त्याबद्दल रडणे योग्यच होते. त्यांना तंबोरा लावता येत नाही, हेही तेव्हाच लक्षात आले. लहानपणी तो गुरुजी लावून देत. घोडीवर तारेखाली असलेला सुताचा धागा केसभर मागेपुढे सरकवायचा, तोवर कान तारेकडे ठेवायचा, आणि एका नेमक्या जागी जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुलून तार बोलू लागते. ती जागा सापडायला त्यांना पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात फोनची आठवण झाली नाही, हे त्यांनी मला सहज सांगितले. मी वहीत नोंद करायला सांगितली नाही.

शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा तंबोरा कपाटामागून बैठकीच्या खोलीत आला होता. सासूबाईंनी जुन्या पडद्याच्या कापडातून त्याला गवसणी शिवली होती. मिक्सर अजून चालूच असतो. बदली सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांनी गेल्या महिन्यात स्वतःसाठी गुरुवारची संध्याकाळ मागून घेतली. कशासाठी, ते त्यांनी सांगितले नाही, आणि मेधाताईंनी विचारलेही नाही.