मराठी माणसांच्या बेळगावातून भाजपचे सुरेश अंगडी सलग चार वेळा खासदार कसे झाले?

आपल्या प्रश्नातील ‘मराठी माणसांनी महाराष्ट्र एकीकरण समितीशी गद्दारी केली म्हणूनच का?’ हे वाक्य वाचून मी उत्तर लिहायला बसलो, कारण ‘गद्दार’ हाच शब्द माझ्या सख्ख्या थोरल्या काकांनी मला 2019 साली घरात सर्वांसमोर ऐकवला होता.

1996 च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी महाराष्ट्र एकीकरण समितीने शेकडो अर्ज भरविले आणि बेळगावात 456 उमेदवार उभे राहिले. त्यांपैकी एक आमचे काका होते. अनामत रक्कम तेव्हा 500 रुपये होती. ती त्यांनी भिशीतून उचलली आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या रांगेत मी दिवसभर त्यांच्यासोबत उभा राहिलो. त्या दिवसाचा मला आजही अभिमान आहे. निवडून मात्र जनता दलाचे शिवानंद कौजलगी आले, आणि त्याच वर्षी कायदा बदलून खुल्या गटाची अनामत 10,000 रुपये झाली. 2019 मध्ये समितीने पुन्हा अनेक अर्ज भरण्याचे ठरविले, तेव्हा शेजारच्या एका मुलाच्या अर्जावर सूचक म्हणून सही करण्यास काकांनी मला सांगितले. मी नकार दिला आणि अंगडींना मत देणार असल्याचेही स्पष्ट केले. ‘रांगेत उभा होतास तू, आणि आज गद्दार झालास,’ एवढे बोलून ते उठून गेले व वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

आता गणित पाहा. बेळगाव लोकसभेच्या आठ विधानसभा क्षेत्रांत बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण एवढीच तीन मराठी प्रभावाची आहेत. उरलेली अरभावी, गोकाक, बैलहोंगल, सौंदत्ती आणि रामदुर्ग ही कन्नडबहुल आहेत. खानापूर कारवारच्या मतदारसंघात आणि निपाणी चिकोडीत गेल्यामुळे मराठी मत तीन ठिकाणी विभागले गेले आहे. अंगडी 2004, 2009, 2014 आणि 2019 मध्ये जिंकले; त्यांपैकी 2009 पासूनचे तीन विजय या रचनेत. आम्ही सर्वांनी समितीला मत दिले असते तरी आपल्या बळावर त्यांना हरविणे कठीण होते.

शिवाय रेल्वे राज्यमंत्री झाल्यावर महिनाभरात त्यांनी बेळगाव–बेंगळुरू गाडी सुरू केली आणि लोंढा जंक्शनचा वळसा टाळणाऱ्या कित्तूरमार्गे धारवाड लोहमार्गाचा पाठपुरावा केला. 23 सप्टेंबर 2020 रोजी कोविडने दिल्लीत त्यांचे निधन झाले नसते, तर तो मार्ग अधिक वेगाने पुढे गेला असता, असे माझे ठाम मत आहे. अर्थात शेवटच्या दोन विजयांत मोदी लाटेचा वाटा मोठा होता आणि सीमाप्रश्नावर त्यांच्याकडून आम्हाला काहीच मिळाले नाही, हेही खरे आहे.

2021 च्या पोटनिवडणुकीत समितीने एकच उमेदवार दिला. मीही त्यालाच मत दिले. त्याला 1 लाख 17 हजारांवर मते पडली आणि सुरेश अंगडींच्या पत्नी, भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेस उमेदवारापेक्षा केवळ 5,240 मतांनी पुढे राहून निवडून आल्या. एकच उमेदवार द्या आणि त्याला सौंदत्तीच्या बाजारात कन्नडमध्ये सभा घेता आली पाहिजे, हे मी 2019 मध्ये काकांना सांगत होतो. निकालाच्या दिवशी मी ते आकडे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी कागद घडी करून 1996 च्या अनामतीच्या पावतीसोबत कपाटात ठेवला.