आकडे बाबांनाच सांगू द्या

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचा सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) सुटे भाग करण्याचा कारखाना आहे. उलाढाल 8 कोटी. कॅश क्रेडिटची (लागेल तसं उचलायच्या बँकेच्या कर्जाची) मर्यादा 1.20 कोटींवरून 2 कोटी करून घ्यायची आहे, आणि त्याच आठवड्यात बीकेसीत एका गुंतवणूकदाराची भेट ठरलीय. बोलणार बाबा. ते 1994 पासून सुरुवात करतात आणि आकडा विचारला की सीएकडे बघतात. इंग्रजीचीही धास्ती आहे. मॅडम, तयारी कशी करून घेऊ?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : बँकेच्या वागळे इस्टेट शाखेत कर्ज विभागात असताना असे मालक माझ्यासमोर पुष्कळ बसलेत. मालक सीएकडे बघू लागला की आमच्या मनात पाल चुकचुकायची. सीएला न्या जरूर, पण बोलू देऊ नका.

बाबांकडून आधी बँकेचं गणित घटवून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 5 कोटींपर्यंतच्या मर्यादेसाठी नायक समितीचा हिशेब लावतात. अपेक्षित उलाढालीच्या 25 टक्के खेळतं भांडवल. त्यात उलाढालीच्या 20 टक्के बँकेचं, 5 टक्के तुमचं. म्हणजे 2 कोटी हवेत तर उलाढाल 10 कोटी दाखवावी लागणार. लगेच विचारतील, आठाचे दहा कुणाच्या ऑर्डरवर? आणि तुमच्या वाट्याचे 50 लाख कुठून? ही दोन उत्तरं बाबांच्या तोंडून, कागद न बघता यायला हवीत. 90 दिवसांवरची येणी ड्रॉइंग पॉवर, म्हणजे माल आणि येणी बघून प्रत्यक्षात किती उचलता येईल तो आकडा, काढताना सहसा धरत नाहीत, तेव्हा कुणाकडे किती अडकलेत तेही त्यांना ठाऊक हवं. जीएसटी रिटर्नमधली विक्री आणि खात्यातली विक्री जुळत नसेल तर कारण तयार ठेवा.

अधिकारी कारखान्यावर येईलच. बँकेला दिलेल्या मालाच्या यादीत, म्हणजे स्टॉक स्टेटमेंटमध्ये, लिहिलेला माल त्याला रॅकवर दिसला पाहिजे. ग्राहकाने परत केलेले, कोपऱ्यात गंजत पडलेले जॉब (तयार भाग) चांगल्या मालाच्या भावाने धरले असतील, तर आजच यादीतून काढा. आमचे एक साहेब अशा ढिगावरून बोट फिरवून धूळ बघायचे!

भाषेचं सोडा. बदलीवर आलेले निम्मे अधिकारी हिंदीतच बोलतात. 1994 ची गोष्ट मात्र दोन वाक्यांत आवरायला लावा. रविवारी घरी तुम्ही अधिकारी व्हा आणि आडवेतिडवे प्रश्न विचारा. बाबा चिडतील. चिडू द्या, बँकेत चिडण्यापेक्षा बरं.

बीकेसीची तारीख मात्र मी पुढे ढकलेन. बँक बघते ती वाईट वर्षातही हप्ता आणि व्याज निघेल का. गुंतवणूकदार बघतो कारखाना किती मोठा होईल आणि त्याचा पैसा कधी, कसा सुटेल. त्यामुळे बँकेची फाइल तिथे चालायची नाही. शिवाय किती टक्के हिस्सा द्यायचा, बाहेरचा माणूस संचालक म्हणून बसलेला बाबांना खपेल का, हे घरात ठरलंय का? आणि तुमची भागीदारी फर्म असेल तर शेअर देणार कशाचे? आधी प्रायव्हेट लिमिटेड करावी लागेल. सीएला बोलतं करायचं ते इथे.