चौघांत एक पुस्तक

प्रभूमध्ये सलाम.

विश्वासाला खोली देणाऱ्या पुस्तकांची यादी मागितली आहेस, आणि चौघे-पाच जण मिळून ती वाचायचा बेतही कळवला आहेस. बेत वाचून फार बरं वाटलं. यादी मात्र देत नाही. एकच पुस्तक सुचवतो आणि ते कसं वाचावं हे जरा सविस्तर लिहितो. वाचनगट मोडतात ते पुस्तक चुकीचं निवडल्यामुळे नव्हे. पुस्तक मिटून ठेवून सगळे आपापली ठरलेली मतं सांगू लागतात, तेव्हा ते मोडतात.

पुस्तक आहे ऑगस्टिन या उत्तर आफ्रिकेतल्या जुन्या ख्रिस्ती संताचं 'कन्फेशन्स', म्हणजे देवापुढे मांडलेली कबुली. इसवी सन 397च्या सुमारास, बिशप झाल्यावर त्याने ते लिहायला घेतलं. एवढं जुनं कशाला, असं कोणीतरी विचारेलच. विसाव्या शतकातला ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस याचा सल्ला असा होता की एक नवं पुस्तक वाचून झालं की मध्ये एक जुनं वाचल्याशिवाय दुसरं नवं हाती घेऊ नये. प्रत्येक काळाला स्वतःच्या चुका दिसत नाहीत, त्या दुसऱ्या काळातून पाहिल्या की दिसतात, हे त्यामागचं कारण. मला ते पूर्ण पटतं. आजच्या बऱ्याच ख्रिस्ती पुस्तकांत पहिल्या पानावरचा प्रश्न शेवटच्या पानावर सुटलेला असतो. ऑगस्टिनच्या पुस्तकात तो सुटता सुटत नाही.

पुस्तकाचे तेरा भाग आहेत. पहिले नऊ त्याच्या आयुष्याचे. पुढे स्मृती, काळ आणि बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायावरचं कठीण चिंतन येतं. तूर्त नऊच घ्या.

दुसऱ्या भागात तो सोळा वर्षांचा आहे. रात्री मित्रांबरोबर जाऊन त्याने नासपतीच्या झाडाची फळं चोरली. भूक नव्हती, याहून चांगली फळं त्याच्याकडे होती, आणि चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. एवढ्याशा गोष्टीवर तो कितीतरी लिहितो. तुमच्यातलं कोणीतरी नक्की म्हणेल, “फळांच्या चोरीचा केवढा बाऊ!” तिथून घाईने पुढे जाऊ नका. त्यालाच मजकुरात शोधायला लावा: ऑगस्टिनला नेमकं काय खुपतंय? फळं की चोरी? शोधता शोधता एक कबुली सापडेल, की एकटा असतो तर मी हे केलं नसतं. सोबत होती म्हणून पाप घडलं. मग आठवा भाग उघडा. 386 साल, मिलानमधली एक बाग, जिथे त्याचं मन शेवटी ख्रिस्ताकडे वळतं. तो बायबलमधलं प्रेषित पौलाचं पत्र उघडतो आणि रोमकरांस पत्राच्या 13व्या अध्यायातलं ‘प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा’ हे वचन वाचतो. एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्याच्या पुढचा क्षण मात्र उपदेशांत क्वचितच येतो. बागेत त्याचा मित्र अलिपियसही आहे. ऑगस्टिन त्याला ती जागा दाखवतो. अलिपियस त्याच्या पुढचं वचन वाचतो, विश्वासाने दुर्बळ असलेल्याला जवळ करा, आणि ते आपल्यासाठीच आहे असं म्हणतो. एकाच पानावर दोघांना दोन वेगळी वचनं भेटली. हे दोन प्रसंग एका बैठकीत शेजारी ठेवून वाचा. तुम्ही चौघे-पाच जण एकमेकांसाठी कसली सोबत आहात, हा प्रश्न कोणी वेगळा विचारण्याची गरज उरणार नाही.

लेखक संत आहे म्हणून त्याच्याशी भांडू नये असं नाही. पंधराएक वर्षं ज्या स्त्रीबरोबर तो राहिला, जी त्याच्या मुलाची आई होती, तिचं नावही त्याने लिहिलेलं नाही. योग्य घरातल्या दुसऱ्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं म्हणून या स्त्रीला आफ्रिकेला परत जावं लागलं. काळीज रक्तबंबाळ झालं असं तो सांगतो, पण तिच्या बाजूने फारसं बोलत नाही. यावर मोकळेपणाने बोला. त्याची सफाई देऊ नका आणि पुस्तक फेकूनही देऊ नका. त्याच्या पापांची तपासणी त्याने स्वतःच आपल्या हाती दिली आहे, मग न तपासलेली जागा दाखवायला बिचकायचं कशाला?

गटात एखाद्याला शंका असतील, कदाचित विश्वासच डळमळत असेल. त्याला गप्प करायला वचन फेकून मारण्याची सवय आपल्याकडे आहे, आणि तिचा मला मनापासून राग येतो. बायबलमध्ये सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मूकपणे बसले, तेव्हा ते खरे मित्र होते. बोलू लागले तेव्हा बरीच धार्मिक वाक्यं बोलले, आणि शेवटी देव म्हणाला की माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब. म्हणजे ज्याने देवालाच जाब विचारला तो. तुमच्यातला असा माणूस बैठकीला आला नाही, तर त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन या.

बाकी व्यवस्थेचं फार मनावर घेऊ नका. पुस्तकाचे उतारे मोठ्याने वाचा, आणि मत मांडणाऱ्याने आधी ओळ दाखवावी, एवढा एक नियम पुरे.

हे झाल्यावर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या. पतीचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. त्यांचा स्वतःचा काही वर्षांनी, स्वतःच्या विचाराने झाला. ऑगस्टिनच्या बागेनंतर ही मंद, घरगुती वाट वाचताना विश्वास किती वेगवेगळ्या पावलांनी येतो, यावर तुमच्यात भरपूर बोलणं होईल.

पहिल्या बैठकीला 'कन्फेशन्स'चा पहिला भाग असेल. देवाच्या ठायी विसावेपर्यंत आपलं हृदय अस्वस्थ असतं, हे त्यातलं वाक्य सगळ्यांना आधीच पाठ असेल. त्यावर रेंगाळू नका. लगेच पुढे तो विचारतो, आधी देवाला हाक मारायची की आधी त्याला ओळखायचं? ओळखीशिवाय हाक मारली तर ती भलत्यालाच जाणार नाही का? बैठक त्या प्रश्नापासून सुरू करा, आणि कोण काय म्हणालं ते मला कळव.