पदक ओतीव आहे की ठशाने पाडलेलं, हे कसं ओळखायचं?

भिंगाखाली आधी कड पाहा, मग अक्षरांमधली मोकळी जागा. बहुतेक वेळा तिथेच उलगडा होतो. ओतीव पदकावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रं राहतात, अक्षरं जराशी मऊ उठतात आणि कडेला कानशीचे ओरखडे दिसतात. ठशाने पाडलेल्याची अक्षरं धारदार, मधली जागा गुळगुळीत. ओतीव म्हणजे हलकं काम, असं मात्र समजू नका: इटालियन चित्रकार पिसानेल्लोने १४३८-३९च्या सुमारास बायझंटाइन सम्राट आठव्या जॉनचं केलेलं पदकही ओतीवच. फसवते ती मूळ पदकावरून साचा घेऊन पुन्हा ओतलेली नक्कल. धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून ती किंचित लहान भरते. व्यास मोजून अस्सल पदकाच्या नोंदीशी ताडून बघा.