रात्री दोनची जाग, डेक्साची गोळी आणि कॉर्टिसॉल: तुमच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न (राजारामपुरी, वय ५२): स्तनाचा कॅन्सर हाडात पसरलाय. मोबाईलवर वाचलं की ज्या बायकांचं कॉर्टिसॉल रात्री उतरत नाही त्या लवकर जातात. मला तर रोज रात्री दोनला जाग येते. वाचल्यापासून नुसती धडधड होतीय. लॅबमध्ये टेस्ट करून घेऊ का?

ताई, टेस्टचं आधी सांगते, करू नका, पैसे वाया जातील. कॉर्टिसॉल हे किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींतून येणारं हार्मोन, सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात जास्त असतं आणि मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं, त्यामुळं एकदा रक्त काढून हा उतार कळतच नाही. तुम्ही वाचलंय ते खोटं नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या सेफ्टन, स्पीगल वगैरे मंडळींनी २००० साली ते छापलं. पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या १०४ बायकांची तीन दिवस रोज चार वेळा लाळ तपासली, आणि ज्यांचा उतार सपाट होता त्या पुढच्या काही वर्षांत सरासरीनं लवकर गेल्या. पण सपाट उतारा*मुळं* गेल्या असं त्यातनं सिद्ध होत नाही. आजारानं जोर धरला असेल, दुखत असेल, झोप मोडत असेल तरीही उतार सपाट होतो, आणि तो हिशोब १०४ जणींच्या गटाचा आहे, तुमची एकटीची तारीख त्यात लिहिलेली नाही.

दोनला जाग का येते ते मात्र शोधूया. हाड ठणकतं म्हणून? हार्मोनच्या गोळ्यांनी अंगातनं वाफा येऊन गाऊन घामानं भिजतो म्हणून? का लघवीला? आठ दिवस उशाशी वही ठेवा, वेळ आणि कारण लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढं ठेवा. नुसतं "झोप येत नाही" म्हटलं की झोपेची गोळी मिळते, "दोनला कंबर ठणकते" म्हटलं की दुखण्यावर इलाज होतो.

प्रश्न (शिरोली): वडिलांना केमोनंतर दोन दिवस डेक्साच्या गोळ्या असतात, सकाळी आणि रात्री. त्या रात्री ते झोपतच नाहीत, आणि शुगर पण वाढते. गोळी बंद करू का?

दादा, मनानं बंद करू नका. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, कॉर्टिसॉलच्याच जातीचं पण कितीतरी पट कडक औषध, उलट्या आणि अॅलर्जी आवरायला देतात. रात्री नऊला घेतलं तर शरीराला वाटतं सकाळ झाली. कागलकडचे एक आजोबा अशाच एका रात्री तीनला उठून सगळं अंगण झाडून गोठ्यातलं शेणसुद्धा काढून आले होते, घरच्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. दुसरा डोस दुपारीच घेतला तर चालेल का, एवढंच तुमच्या डॉक्टरांना विचारा, बऱ्याच वेळा चालतं. शुगर दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळीसुद्धा बघा, सकाळच्या स्टेरॉइडनं ती त्याच वेळी चढते, उपाशीपोटीचा आकडा बघून फसायला होतं. आणि ज्यांना स्टेरॉइड कित्येक आठवडे चालू आहे त्यांनी तर अचानक सोडणं धोक्याचं असतं, स्वतःच्या ग्रंथी झोपलेल्या असतात.

प्रश्न (गडहिंग्लज): माझ्या जावेला भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, तू फार टेन्शन घेतलंस म्हणून झालं, आता तरी पॉझिटिव्ह राहा. ती रात्री रडते. खरंच टेन्शननं होतो का कॅन्सर?

टेन्शन घेतलं म्हणून कॅन्सर झाला असं म्हणायला भक्कम पुरावा नाही, आणि आजारी माणसाच्या तोंडावर ते बोलू नये, मला याचा मनापासून राग येतो. नवऱ्याची नोकरी, पोरांची शिक्षणं, सासूचं दुखणं सगळं जिनं ओढलं तिलाच वर "तुझ्यामुळंच झालं" ऐकवायचं? याच स्पीगल यांनी १९८९ मध्ये छापलं होतं की आठवड्याला एकत्र बसून मन मोकळं करणाऱ्या बायका जास्त जगल्या, जगभर त्याचा गाजावाजा झाला, पण पुढं त्यांनीच परत तपासलं तेव्हा २००७ मध्ये आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. अशा गटांनी मनावरचा ताण हलका होतो, काहींना दुखणंही कमी वाटतं, आणि तेवढ्यासाठीही ते करण्यासारखं आहे. जावेला रडू द्या, शेजारी बसा. रडण्यानं गाठ वाढत नाही. आणि पाहुण्यांना दारातच तुम्ही सांगा, ते काम तिच्यावर टाकू नका.

प्रश्न (गंगावेश): झोप लागावी, ताकद यावी म्हणून मिसेसला अश्वगंधा आणि कट्ट्यावरचं धारोष्ण दूध देतोय. केमो चालू आहे.

दोन्ही थांबवा. अश्वगंधानं लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि केमोची बरीच औषधं लिव्हरवाटेच जातात. धारोष्ण दूध कच्चं असतं, केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना त्यातनं इन्फेक्शन होऊ शकतं. तेच दूध घरी आणून चांगलं उकळून द्या.

प्रश्न (शिवाजी पेठ): आईला दिवसभर थकवा, दुपारी तीन तास झोप, रात्री टक्क जागी. पहाटे पाचला रंकाळ्यावर नेऊ का?

पाचला नको, अंधार असतो. मेंदूतलं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं आणि कॉर्टिसॉलची वेळ त्याच घड्याळावर चालते, म्हणून उन्हं आल्यावर न्या, सातच्या सुमाराला अर्धा तास. केमो घेणाऱ्या बायकांना सकाळी प्रखर उजेडात बसवून बघितलंय, मंद उजेडात बसलेल्या बायकांइतका त्यांचा थकवा वाढला नाही. याच्यानं आयुष्य वाढतं असं मी म्हणणार नाही, दिवस बरा जातो. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, गजर लावून. चालवलं नाही तर चालायचा हट्ट करू नका, काठावरच्या बाकावर बसवा, उजेड बसूनही मिळतो. ताप असेल त्या दिवशी मात्र रंकाळा नाही, सरळ डॉक्टरांना फोन.